ओरडणारी चूक आणि मुकी चूक
(हायबरनेटच्या कुलूपव्यवस्थेची एक समीक्षा)

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान) पदवीच्या तिसऱ्या वर्षात ‘एंटरप्राइज जावा’ हा विषय आला आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांतील मुलांची ‘हायबरनेट’शी गाठ पडू लागली. ही मुले आपल्याच शाळांतून गेलेली असतात. शाळेचा निकाल, ग्रंथालयाच्या नोंदी, फीच्या पावत्या यांसाठी लागणारी सॉफ्टवेअरे पुढे अशीच मुले लिहितात. हायबरनेट वापरताना एक त्रुटी त्यांना हटकून भेटते. नोंद साठवायला जावे, तर संगणक ती नाकारतो आणि सांगतो, की ही ओळ दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे. ही त्रुटी ‘घालवण्याचे’ अनेक उपाय विद्यार्थ्यांमध्ये तोंडोतोंडी फिरत असतात. त्यांतले बरेचसे रोगापेक्षा भयंकर आहेत. म्हणून या व्यवस्थेची, तिच्या भाषेची आणि तिच्यावरच्या उपायांची चिकित्सा करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

दुभाषा

प्रथम हायबरनेट म्हणजे काय ते पाहू. जावा भाषेत माहिती ‘वस्तू’च्या रूपात असते. ‘विद्यार्थी’ ही एक वस्तू. नाव, इयत्ता आणि गुण हे तिचे गुणधर्म. डेटाबेसमध्ये मात्र तीच माहिती तक्त्यातील एका ओळीत, रकान्यारकान्यांत मांडलेली असते. या दोघांमध्ये भाषांतर करणारा दुभाषा म्हणजे हायबरनेट. गॅव्हिन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात केली. २००६ साली जावाच्या जगात या कामासाठी ‘जेपीए’ नावाचे प्रमाणित नियम ठरले. त्यांवर हायबरनेटची छाप स्पष्ट आहे.

दुभाष्याचा फायदा असा, की डेटाबेसची भाषा, म्हणजे एसक्यूएल, फारशी लिहावी लागत नाही. तोटाही तोच. आपल्या नावाने दुभाषा पलीकडे नेमके काय बोलला हे विद्यार्थ्याला ऐकू येत नाही. कुलुपाच्या त्रुटींचे अर्धे गूढ येथेच जन्माला येते.

हरवलेली बेरीज

मूळ प्रश्न समजण्यासाठी संगणकाची गरज नाही. वर्गात पुढील प्रयोग करून पाहावा. फळ्यावर लिहा : ‘जमा वह्या : ४०’. दोन विद्यार्थ्यांना बोलावून प्रत्येकाला आकडा आपापल्या कागदावर उतरवून घ्यायला सांगा. पहिल्याकडे ५ नव्या वह्या आल्या आहेत, दुसऱ्याकडे ३. दोघांनी जागेवर जाऊन बेरीज करायची आणि एकामागून एक येऊन फळ्यावरचा आकडा पुसून आपला लिहायचा. पहिला ४५ लिहील. दुसरा ते पुसून ४३ लिहील. खरे उत्तर ४८. दोघांपैकी कोणाचीही बेरीज चुकली नाही, तरी ५ वह्या हिशेबातून गेल्या. डेटाबेसच्या शास्त्रात याला ‘हरवलेला बदल’ म्हणतात.

हे टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला शाळेच्या कार्यालयात पूर्वापार चालत आला आहे. जनरल रजिस्टर एकच असते. ते एका लिपिकाच्या टेबलावर असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. संगणकाच्या भाषेत हे ‘निराशावादी कुलूप’. भांडण होणारच असे धरून चालायचे आणि आधीच दार लावून घ्यायचे.

दुसऱ्या मार्गात दार उघडेच असते. फळ्यावर आकड्याशेजारी एक आवृत्तिक्रमांक लिहायचा : ‘जमा वह्या : ४०, आवृत्ती ७’. दोन्ही विद्यार्थी आकडा आणि आवृत्ती दोन्ही उतरवून घेतील. लिहायला येताना नियम एकच : फळ्यावर अजून आवृत्ती ७ असेल तरच पुसायचे आणि आवृत्ती ८ करायची. पहिला येईल, ४५ आणि ८ लिहील. दुसरा येईल तेव्हा त्याच्या कागदावर ७ आणि फळ्यावर ८. त्याला पुसता येणार नाही. तो ४५ हा नवा आकडा घेऊन पुन्हा बेरीज करील आणि ४८ लिहील. या पद्धतीमागचा विचार एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ साली एका निबंधात पद्धतशीर मांडला. भांडणे क्वचितच होतात असे धरून चालायचे म्हणून हे ‘आशावादी’.

हायबरनेटमध्ये यासाठी वस्तूला एक आवृत्तीचा रकाना जोडायचा आणि त्यावर एक खूण करायची, एवढेच काम असते. पुढे दुभाषा प्रत्येक बदलाच्या आज्ञेत आपण होऊन अट घालतो : ‘क्रमांक अमुक आणि आवृत्ती ७ असलेली ओळ बदला.’ डेटाबेस उत्तरादाखल किती ओळी बदलल्या ते सांगतो. उत्तर ‘१’ आले तर ठीक. ‘०’ आले तर हायबरनेट त्रुटी फेकतो. एवढ्या थोड्या श्रमात एवढे संरक्षण मिळवून दिले याचे श्रेय हायबरनेटला आणि जेपीएला द्यायलाच हवे.

नाव आणि संदेश

आता दोष पाहू. पहिला दोष नावाचा. ‘आशावादी कुलूप’ या व्यवस्थेत कुलूपच नाही. कोणीही कोणाला अडवत नाही, थांबवत नाही. फक्त शेवटी पडताळणी होते. नावात ‘कुलूप’ असल्यामुळे विद्यार्थी डेटाबेसमध्ये अडकलेले कुलूप शोधू लागतो, ते तोडण्याच्या आज्ञा देतो, डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करतो. न लावलेले कुलूप सापडणार कसे? ‘आवृत्तीची पडताळणी’ हे नाव साधे आणि खरे झाले असते.

दुसरा दोष संदेशाचा. हायबरनेटचा सुप्रसिद्ध संदेश साधारण असा आहे : ओळ दुसऱ्या व्यवहाराने बदलली किंवा काढून टाकली, आणि मग कंसात, अथवा न साठवलेल्या वस्तूची ओळख चुकीची ठरवली. या एका वाक्यात परस्परांशी संबंध नसलेली तीन कारणे कोंबली आहेत. कोणी बदल केला, हे रोजचे कामकाज झाले. कोणी ओळ काढली, हाही कामकाजाचाच भाग, पण त्याचा परिणाम वेगळा. तिसरे कारण मात्र आज्ञावलीतील सरळ चूक आहे. विद्यार्थ्याने नव्या वस्तूला स्वतःच्या हाताने क्रमांक दिला, दुभाष्याला वाटले ही जुनी नोंद आहे, त्याने ती बदलायला सांगितली आणि तशी ओळ डेटाबेसमध्ये कधी नव्हतीच. येथे ‘दुसरा व्यवहार’ कोणीही नाही. तरी संदेशाचा पहिला शब्द वाचून विद्यार्थी दोन-दोन दिवस त्या अदृश्य दुसऱ्याचा माग काढत बसतो.

हायबरनेटच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘० ओळी बदलल्या’ एवढेच त्याला कळते; कारण कळत नाही. परंतु तेवढेच प्रांजळपणे सांगता आले असते : अमुक क्रमांकाची, आवृत्ती ७ असलेली ओळ सापडली नाही, ओळ आहे का आणि तिची आवृत्ती काय, ते पाहा. ताप आलेल्या रुग्णाला उष्णतामापकाने आकडा सांगावा, रोगाचे नाव सांगू नये.

मौन

तिसरा दोष आमच्या मते सर्वांत गंभीर आहे आणि तो ऐकूच येत नाही. आवृत्तीचा रकाना जोडला नाही तर हायबरनेट काहीही म्हणत नाही. दुसरा येतो, पहिल्याचे पुसतो, आणि संगणक ‘नोंद साठवली’ असे सांगतो. इतकेच नव्हे, मूळ मांडणीप्रमाणे हायबरनेट बदललेला एकच रकाना न लिहिता सगळे रकाने पुन्हा लिहितो. समजा, डोंबिवलीच्या एका शाळेत लिपिकाने विद्यार्थ्याचा पत्ता दुरुस्त केला आणि त्याच वेळी वर्गशिक्षिकेने त्याच विद्यार्थ्याचे गणिताचे गुण ५८ चे ६८ केले. दोघांनी वेगवेगळे रकाने बदलले. तरी शेवटी साठवणाऱ्याच्या पडद्यावरचे जुने रकाने पहिल्याच्या बदलावर चढतात. लिपिकाने नंतर साठवले तर मुलाचे गुण पुन्हा ५८ होतात. शिक्षिकेने ते केलेले नाहीत, लिपिकाने गुणांना हातही लावलेला नाही, आणि चूक कोठेही नोंदलेली नाही.

आवृत्तीचा रकाना असूनही मौन पाळले जाण्याचा आणखी एक प्रकार आहे. शिक्षिकेने ११ वाजता पान उघडले, ११ वाजून २० मिनिटांनी ‘साठवा’ दाबले. अनेक आज्ञावल्या त्या क्षणी नोंद पुन्हा नव्याने वाचतात, पडद्यावरचे आकडे तिच्यात भरतात आणि साठवतात. आवृत्ती ११:२० ला वाचली आणि ११:२० लाच ताडली, ती जुळणारच. मधल्या २० मिनिटांत कोणी काय केले हे पहारेकऱ्याने पाहिलेच नाही. पान उघडतानाची आवृत्ती पानासोबत जाऊन परत आली पाहिजे आणि ताज्या नोंदीशी ताडली गेली पाहिजे. पाठ्यक्रमातील पहिली उदाहरणे एका वापरकर्त्याची असतात. त्यांत ही उणीव कधीच दिसत नाही.

तिसरा प्रकार घाऊक बदलांचा. ‘इयत्ता नववीच्या सर्वांना ५ कृपागुण द्या’ अशी एकच आज्ञा जेपीएमधून दिली, तर नियमांप्रमाणे ती आवृत्तीच्या पडताळणीला वळसा घालून जाते. आज्ञेतच आवृत्ती वाढवली नाही, तर इतरांच्या हातातील जुन्या प्रती वैध समजल्या जातात आणि कृपागुण पुसले जाऊ शकतात.

पवईचे उदाहरण

आवृत्तीची पडताळणी एका ओळीचे रक्षण करते. ओळींमधल्या नात्याचे करीत नाही. याचे एक बोलके उदाहरण ठाण्याच्या शेजारी, पवईच्या आयआयटी मुंबईतील आहे. तेथील प्राध्यापक एस. सुदर्शन हे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत. आपल्याच संस्थेच्या आर्थिक व्यवहारांच्या प्रणालीत दोन देयकांना एकच क्रमांक मिळण्याचा प्रकार अनेकदा घडला आणि तो लेखापरीक्षकांनी पकडला, ही गोष्ट त्या पुस्तकात नोंदली आहे.

कारण असे. नवा क्रमांक देताना ‘आजवरचा सर्वांत मोठा क्रमांक अधिक १’ अशी रीत होती. दोन व्यवहार एकाच वेळी सुरू झाले, दोघांनाही सर्वांत मोठा क्रमांक सारखाच दिसला, दोघांनी त्यात १ मिळवला आणि दोन नव्या ओळी घातल्या. कोणी कोणाची ओळ पुसली नाही. त्यामुळे बदलांची टक्कर झाली नाही आणि त्रुटीही आली नाही. या डेटाबेस-पद्धतीत प्रत्येक व्यवहार सुरुवातीच्या क्षणाचे जणू एक छायाचित्र पाहून काम करतो. या पद्धतीची चिकित्सा १९९५ साली हॅल बेरेन्सन, जिम ग्रे आणि इतरांच्या निबंधात झाली होती. सुधीर जोरवेकर, अ‍ॅलन फेकेटे, कृती रामामृतम आणि सुदर्शन यांनी २००७ साली असे धोके आज्ञावलीतून आपोआप हुडकण्याची पद्धत मांडली आणि संस्थेत वापरात असलेल्या प्रणालींवर ती तपासली. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने २०११ सालच्या ९.१ या आवृत्तीपासून अशा टकरी ओळखणारी काटेकोर पातळी उपलब्ध केली. पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

फीच्या पावत्यांचे क्रमांक देणाऱ्या कोणत्याही शाळेच्या सॉफ्टवेअरला हे जसेच्या तसे लागू आहे. उपाय अवघड नाहीत. क्रमांकाच्या रकान्यावर ‘दुबार चालणार नाही’ असे बंधन डेटाबेसमध्येच घालावे. किंवा चालू क्रमांकाची एक वेगळी ओळ ठेवून, येथे मात्र खरेखुरे निराशावादी कुलूप लावावे. जेपीएमध्ये अशी कुलपे २००९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहेत.

उपाय की अपाय?

आता तोंडोतोंडी फिरणारे उपाय तपासू.

‘आवृत्तीचा रकाना काढून टाका.’ त्रुटी नक्की जाते. मुंब्रा आणि दिवा यांच्या दरम्यान लोकल लाल सिग्नलला खोळंबली की प्रवासी वैतागतात; पण सिग्नलच उपटा असे कोणी म्हणत नाही. पुढे गाडी आहे हे सर्वांना ठाऊक असते.

‘त्रुटी पकडा आणि गप्प बसा.’ यात बदल साठवला जात नाही आणि वापरकर्त्याला ते कळतही नाही. शिवाय त्रुटीनंतर हायबरनेटचे ते सत्र टाकून द्यायचे असते. तेच पुढे वापरले तर त्यातील वस्तू आणि डेटाबेस यांचा मेळ राहत नाही.

‘पुन्हा प्रयत्न करा.’ हा उपाय कधी उत्तम, कधी घातक. वह्यांच्या उदाहरणात ‘५ मिळवा’ ही क्रिया होती. ताजा आकडा वाचून ती पुन्हा केली तर उत्तर बरोबरच येते. मात्र संपूर्ण व्यवहार वाचनापासून पुन्हा करावा लागतो. नुसते ‘साठवा’ पुन्हा म्हणून भागत नाही. उलट, शिक्षिकेने पडद्यावर ५८ पाहून ‘६८ करा’ म्हटले असेल आणि दरम्यान दुसऱ्या परीक्षकाने ते ६२ केले असतील, तर यंत्राने आपण होऊन पुन्हा प्रयत्न करणे म्हणजे एका परीक्षकाचा निर्णय दुसऱ्याच्या नकळत पुसणे होय. येथे ताजी नोंद माणसापुढे ठेवून विचारावेच लागते. यंत्राने निर्णय कोठे घ्यावा आणि माणसाला कोठे विचारावे, हा या त्रुटीतील खरा प्रश्न आहे. बहुतेक सल्ले तो विचारतच नाहीत.

‘सगळीकडे निराशावादी कुलूप लावा.’ पान उघडताच नोंद कुलूपबंद केली आणि शिक्षिका तासाला निघून गेल्या, तर बाकीचे ताटकळत राहतात. कुलूप काही क्षणांच्या यंत्रकामासाठी आहे. माणसाच्या विचार करण्याच्या वेळेसाठी नाही.

खऱ्या कुलपांच्या त्रुटी तर निराळ्याच असतात. एकाकडे जनरल रजिस्टर आहे आणि त्याला हजेरीपट हवा आहे. दुसऱ्याकडे हजेरीपट आहे आणि त्याला रजिस्टर हवे आहे. दोघेही सोडणार नाहीत. ही ‘कोंडी’. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल ती ओळखतात आणि एकाचा व्यवहार रद्द करून दुसऱ्याला वाट देतात. सर्वांनी वस्तू ठरावीक क्रमाने घेणे, आधी रजिस्टर आणि मग हजेरीपट, हा कोंडीवरचा खरा उपाय. नुसते ‘वाट पाहून थकलो’ ही त्रुटी त्याहून वेगळी. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या मांडणीत ही मर्यादा ५० सेकंदांची असते. तेथे मर्यादा वाढवण्यापेक्षा इतका वेळ कुलूप धरून कोण बसले आहे ते शोधावे.

निदानाचा क्रम

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे, की औषधाआधी निदान करावे. त्रुटी कोणत्या जातीची : आवृत्ती जुळली नाही, वाट पाहण्याची मुदत संपली, की कोंडी झाली? आवृत्तीची असेल तर दुभाष्याने पाठवलेली एसक्यूएल आज्ञा तिच्यातील आकड्यांसह छापून घ्यावी आणि डेटाबेसमध्ये ती ओळ स्वतः पाहावी. ओळच नसेल तर ती काढली गेली, किंवा कधी नव्हतीच. नव्या वस्तूला क्रमांक कोठून मिळाला ते तपासावे. ओळीची आवृत्ती पुढे गेलेली असेल तर कोणी बदलली ते शोधावे. कित्येकदा तो ‘दुसरा’ आपल्याच आज्ञावलीचा, दोनदा दाबलेल्या ‘साठवा’ बटणाने चालू झालेला भाग असतो. आणि आवृत्ती म्हणून पूर्णांकाऐवजी वेळ वापरली असेल, तर जावा आणि डेटाबेस सेकंदाचे किती बारीक तुकडे लक्षात ठेवतात यातील फरकानेही खरी ओळ परकी ठरू शकते. पूर्णांक वापरावा.

निष्कर्ष

हायबरनेटची आवृत्ती-पडताळणी हे एक चांगले साधन आहे. नाव फसवे, संदेश गोंधळाचा, आणि न वापरल्यास कसलीही सूचना नाही. पहिले दोन दोष शिक्षकाला समजावून दूर करता येतील. तिसऱ्यासाठी शिकवण्याचा क्रमच बदलावा लागेल. ‘पहिली आज्ञावली चालली’ येथे धडा संपू नये. तीच आज्ञावली दोन खिडक्यांत उघडून, एकाच विद्यार्थ्याचे गुण दोन्हीकडे बदलून, आधी आवृत्तीविना आणि मग आवृत्तीसह काय होते ते प्रत्येकाने पाहिले पाहिजे. याला प्रयोगशाळेतील १० मिनिटे पुरतात. शाळेत संगणक मोकळा नसेल तर फळा, खडू आणि ४० वह्यांचा हिशेब पुरेसा आहे.